क्रिबेजचा लाकडी संच: पाट ठेवा, पत्रक टाका

ऑनलाइन मागवला की हा संच बेळगावात ५ दिवसांत येतो, खानापूर-निपाणीकडे एखादा दिवस जास्त लागतो. किंमत १,४००-१,५०० रुपयांच्या घरात. खोक्यात चार वस्तू निघतात: गुण मोजायचा भोकांचा लाकडी पाट, त्या भोकांत लावायच्या ९ पितळी खुंट्या, पत्त्यांचा एक जोड आणि ८ पानांचं इंग्रजी पत्रक. पाट चांगला, खुंट्या बऱ्या, पत्ते कामचलाऊ आणि पत्रक चुकीचं. पत्रकावरच जास्त लिहायचंय, कारण नवखा माणूस पाट बघून खेळत नाही, पत्रक वाचून खेळतो. आणि पत्रकातली पत्ते टाकायची रीत धरली तर महिनाभर हरतो आणि ‘नशिबाचा खेळ आहे’ म्हणून पाट माळ्यावर टाकतो. कंपनीचं नाव घेत नाही. अशीच पत्रकं इतर संचांतही येतात.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १७व्या शतकातल्या इंग्लंडमधला हा पत्त्यांचा खेळ मुख्यतः दोघांचा. दोघांना ६-६ पानं. प्रत्येकाने ४ ठेवायची, २ पालथी टाकायची. टाकलेली ४ पानं म्हणजे ‘क्रिब’, आणि ती नेहमी वाटणाऱ्याची. मग उरलेला गड्डा काटून एक पान उघडायचं. ते दोघांच्या हातात आणि क्रिबमध्येही धरून मोजतात. पानांची बेरीज १५ झाली की २ गुण, जोडीला २, तीन सारख्यांना ६, चार सारख्यांना १२, ओळीने आलेल्या तीन किंवा जास्त पानांना पानामागे १. चित्रांची किंमत १०, एक्क्याची १. उघडलेल्या पानाच्या रंगाचा गुलाम हातात असला तर आणखी १. आधी १२१ गाठेल तो जिंकला.

आपल्याकडे टिळकवाडीपासून चिकोडीपर्यंत पत्ते म्हटले की रमी, नाहीतर पाच-तीन-दोन. रमीवाल्याचा हात क्रिबेजमध्ये एका ठिकाणी हमखास घसरतो. रमीत टाकलेलं पान समोरच्याने उचललं तर नुकसान, नाही उचललं तर सुटलो. इथे सुटका नाही. टाकलेली दोन्ही पानं कोणाच्या तरी पदरात पडणारच, आणि कोणाच्या हे टाकण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणजे पानं टाकताना पहिला प्रश्न ‘माझ्या हातात काय चांगलं’ हा नसून ‘क्रिब कोणाची’ हा आहे. पत्रकाच्या ५व्या पानावर हा प्रश्नच नाही. तिथे एकच तक्ता दिलाय आणि सांगितलंय की सर्वांत जास्त गुणांची चार पानं ठेवा, समान गुण असतील तर ओळ ठेवा.

हे किती महागात पडतं ते एकाच हातावर दिसतं. समजा आली दुर्री, तिर्री, दश्शी, गुलाम, राणी, राजा, आणि रंग मिसळलेले. दश्शी-गुलाम-राणी-राजा ठेवले तर चारची ओळ, ४ गुण. दुर्री-तिर्री-गुलाम-राणी ठेवली तर २+३+१० असे दोन पंधरा, म्हणजे तेही ४ गुण. पत्रकाच्या हिशेबाने बरोबरी, म्हणून ओळ ठेवा. आता अजून न दिसलेली ४६ पानं एकेक करून उघडून पाहा. चित्रांच्या ओळीत पंजी आली तर हात १२चा होतो, पण पंज्या चारच. हातातल्या चारपैकी कुठल्याही पानाची जोडी लागली (अशी १२ पानं) तर १०. नव्वी आली तर ५. उरलेल्या २६ पानांवर हात ४वरच बसून राहतो. एकूण बेरीज २९२, भागिले ४६, सरासरी ६.३५.

दुर्री-तिर्री-गुलाम-राणीचं बघा. दुर्री किंवा तिर्री आली तर १०, दश्शी किंवा राजा आला तर ९, पंजी, गुलाम किंवा राणी आली तर ८, एक्का किंवा चव्वी आली तर ७. फक्त छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी या १६ पानांवर हात जागचा हलत नाही. बेरीज ३१४, सरासरी ६.८३. गुलामाचा जादा १ गुण दोन्हीकडे सारखाच, म्हणून मोजला नाही. आता टाकलेल्या पानांकडे या. दुर्री-तिर्री ही क्रिबमधली सोन्याची जोडी, कारण दोन्ही मिळून ५ आणि गड्ड्यात १० किमतीची १६ पानं. शिवाय एक्का किंवा चव्वी आली की ओळही लागते. क्रिबमध्ये ती सरासरी ७च्या आसपास देते. दश्शी-राजा साडेतीन-चारच्या आसपास.

क्रिब तुमची असेल तर ओळ ठेवा आणि दुर्री-तिर्री टाका: हाताचे अर्ध्या गुणाने कमी, पण क्रिबचे तीनेक गुण जास्त. क्रिब समोरच्याची असेल तर नेमकं उलट: दुर्री-तिर्री हातात ठेवा, दश्शी-राजा टाका. सहा पानं तीच, उत्तर दोन. एकाच तक्त्यात हे बसूच शकत नाही, आणि पत्रकाची मुख्य खोट हीच.

दुसरी खोटही याच उदाहरणात आहे. पत्रक फक्त हातातले पक्के गुण मोजायला शिकवतं, काटलेल्या पानाने हात किती वाढेल हे नाही. जाणता खेळाडू ‘किती पानांवर हात वाढतो’ असा विचार करतो, आणि २६ पानांवर गप्प बसणाऱ्या हातापेक्षा १६वर गप्प बसणारा हात बरा, हे त्याला भागाकार न करताही दिसतं. सहातून दोन टाकायच्या तऱ्हा १५ असतात. त्यातल्या दहा-अकरा एका नजरेत बाद होतात, खरा विचार तीन-चार तऱ्हांचाच. सरासरीने हात आठाच्या जवळ जातो, क्रिब पाचाच्या जरा आत. म्हणजे क्रिब हा हाताच्या निम्म्याहून मोठा ऐवज आहे, सोडून द्यायची गोष्ट नाही.

स्वतःच्या क्रिबमध्ये काय घालावं? दोन पंज्या मिळाल्या आणि त्यांच्याशिवायही हात उभा राहत असेल तर घालाव्यात, सरासरी ८च्या वर जाते. पंजी आणि कुठलंही १० किमतीचं पान, दुर्री-तिर्री, सत्ती-अठ्ठी, एक्का-चव्वी, नाहीतर साधी जोडी. सूत्र एवढंच की दोन पानांची बेरीज ५ किंवा १५, किंवा पानं एकमेकांना चिकटून. समोरच्याच्या क्रिबमध्ये याच्या उलट: पानं लांब-लांबची, आणि शक्यतो एक तरी अगदी टोकाचं. राजाच्या वर पान नाही, एक्क्याच्या खाली नाही, म्हणून त्यांच्या ओळी एकाच बाजूने लागतात. राजा-दश्शी, राजा-नव्वी, राजा-छक्की या समोरच्याला द्यायच्या ठरलेल्या जोड्या. रमीवाला सवयीने वरची पानं आधी टाकतो, त्यामुळे समोरच्याच्या क्रिबला तो नकळत बरोबर खेळतो. स्वतः वाटायची पाळी आली की तीच सवय त्याला बुडवते.

‘समोरच्याला पंजी कधीच देऊ नका’ हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरात आहे. दहापैकी नऊ वेळा खरंच आहे. दहावी वेळ अशी: पंजी, छक्की, सत्ती, दोन अठ्ठ्या आणि राजा. छक्की-सत्ती-अठ्ठी-अठ्ठीत दोन ओळी ६, जोडी २, सत्ती-अठ्ठीचे दोन पंधरा ४, एकूण १२. पंजी वाचवायला पंजी-छक्की-सत्ती-अठ्ठी ठेवली तर ओळ ४ आणि पंधरा २, एकूण ६. समोरच्याच्या क्रिबमध्ये पंजी-राजा आणि अठ्ठी-राजा यांत फरक सरासरी दोन-अडीच गुणांचा, आणि तो वाचवायला हातातले ६ घालवायचे? पंजी खुशाल द्यावी. क्रिबची भीती रास्त आहे, पण तिला आकडा असतो. तो वजा करून बघायचा.

रंगाबद्दलही पत्रक भलतंच हळवं आहे. हातातली चारही पानं एका रंगाची असली तर ४ गुण मिळतात, काटलेलंही त्याच रंगाचं आलं तर ५. दिसायला देखणं, म्हणून नवखा त्याला सोडत नाही. बदामाची तिर्री, सत्ती, नव्वी, राजा आणि सोबत किलवरची अठ्ठी, चौकटची राणी अशी पानं घ्या. बदामं धरली तर ४. सत्ती-अठ्ठी-नव्वीबरोबर तिर्री धरली तर ओळ ३ आणि पंधरा २, म्हणजे ५, आणि आणखी एक सत्ती किंवा अठ्ठी निघाली तर थेट १२. क्रिबमध्ये तर रंगाचे गुण पाचही पानं एका रंगाची झाली तरच मिळतात, हे पत्रकात तळटीपेत गेलंय. समोरच्याच्या क्रिबमध्ये शक्यतो दोन वेगळ्या रंगांची पानं टाकावीत आणि गुलाम जवळ ठेवावा, पण हे बाकी सगळं समान असेल तेव्हाच.

२९ गुणांच्या हाताला मात्र अख्खं पान दिलंय, चित्रासकट: तीन पंज्या, एक गुलाम, आणि काटून निघालेली चौथी पंजी त्याच गुलामाच्या रंगाची. ही शक्यता २,१६,५८० हातांत एकदा. रोज १० हात खेळले तर सुमारे ५९ वर्षांत एकदा. त्या पानावर क्रिबच्या जोड्यांचा दुसरा तक्ता सहज बसला असता. (१९ गुणांचा हात होतच नाही. म्हणून मुरलेले खेळाडू हात रिकामा निघाला की ‘एकोणीस’ म्हणतात. हे पत्रकात नाही, असायला हवं होतं.)

मोजणीआधी पानं एकेक खाली टाकत बेरीज ३१पर्यंत न्यायचा टप्पा असतो. खुंट्या इथेही पुढे सरकतात, आणि काय ठेवायचं हे यावरही ठरतं. पत्रकात याचे नियम आहेत, क्रिबमध्ये पानं टाकण्याशी नातं कुठेच जोडलेलं नाही. ज्याने वाटलं नाही तो पहिलं पान टाकतो. पहिलं पान चव्वी किंवा त्याखालचं असेल तर समोरच्याला लगेच १५ करता येत नाही. वरच्या उदाहरणात दुर्री-तिर्री ठेवायचं हे आणखी एक कारण: तिर्री टाका, समोरच्याने चित्र टाकलं की १३, तुमची दुर्री आली की १५, २ गुण. दुर्रीने सुरुवात केलीत तर १२वर तिर्री. चारही मोठी पानं असलेल्या हाताला हे जमत नाही. तिथे ३०वर गाडी अडते आणि समोरच्याकडे एक्का असला तर ३१चे २ गुण तो घेऊन जातो. दोन हात जवळपास सारखे वाटले तर ज्यात बारीक पान आहे तो धरावा. पहिल्या चालीला पंजी मात्र कधीच नको. १० किमतीचं पान समोरच्याकडे बहुतेक वेळा असतं.

शेवटच्या हातात हे सगळं गुंडाळून ठेवावं लागतं. मोजणीचा क्रम ठरलेला: आधी न वाटणारा, मग वाटणाऱ्याचा हात, सर्वांत शेवटी क्रिब. तुम्ही ११३वर आहात, वाटणारा ११०वर. तुम्हाला ८ हवेत आणि तुम्ही आधी मोजणार. हातात ८ पक्के असतील तर क्रिबमध्ये दोन पंज्या गेल्या तरी चालेल, ती क्रिब मोजायची वेळच येत नाही. फक्त ३१च्या टप्प्यात तो ११ गुण काढणार नाही एवढं बघा. उलट तुम्ही वाटणारे आणि समोरचा ११५-११६वर असेल, तर क्रिब सजवण्यात अर्थ नाही. तो आधी मोजून सुटणार. मग ३१च्या टप्प्यात गुण देणारी आणि त्याला अडवणारी बारीक पानं हातात धरा, क्रिबमध्ये काहीही जाऊ द्या.

आता वस्तूंकडे. पाट साधारण ३८ सेंमी लांब, तीन पट्ट्या, पाच-पाच भोकांचे गट, शेवटी १२१वं सामाईक भोक. भोकं सरळ पाडलेली आहेत, वळणावर मात्र एकमेकांच्या फार जवळ, तिथे दोन खुंट्यांची डोकी आपटतात. प्रत्येकाला दोन खुंट्या पुरतात: पुढची आताचे गुण दाखवते, मागची आधीचे, आणि नवे गुण मिळाले की मागची उचलून पुढच्याच्या पुढे लावायची. मोजणीत घोळ झाला तर तपासता येतो तो यामुळे. ९०-९१च्या मधली रेघ या पाटावर नाही. ९१ न गाठता हरणाऱ्याची हार दुप्पट धरतात, तेव्हा ती लागते. काळ्या मार्करने ओढून घ्या. पाटाच्या पोटात खुंट्या ठेवायचा कप्पा आहे, त्याचं सरकतं झाकण सैल. कागदाची घडी अडकवली की बसतं.

पावसाळ्यात पाट त्रास देतो. वरून पॉलिश आहे, पण भोकांच्या आतलं लाकूड उघडंच. जांबोटी-कणकुंबीकडच्या जुलैमध्ये ते ओल धरून फुगतं आणि खुंटी अडकून बसते. ठोकू नका, पक्कडीने ओढू नका, पितळ वाकतं. खुंटीच्या दांड्याला मेणबत्ती घासा. तरी अडली तर ३.२ मिमीचं ड्रिलचं पातं बोटांनी भोकात दोन वेढे फिरवा, मशीन लावू नका. तेल अजिबात घालू नका, धूळ धरून चिकट राळ होते. खुंट्या काळ्या पडल्या तर चिंचेने घासून पूर्ण कोरड्या करूनच लावा. हरवलेल्या खुंटीच्या जागी अगरबत्तीची काडी डगमगते. बांबूची ३ मिमीची काडी ४ सेंमी कापून टोकाला पॉलिश कागद मारला की झकास बसते.

पत्ते साधे कागदी आहेत. दोन पावसाळी संध्याकाळींत कडा फुगतात, पिसताना चिकटतात, आणि पंजीचा कोपरा दुमडला की ती पाठीमागूनही ओळखू येते. ज्या खेळात पंजीवर एवढं अवलंबून, तिथे हे चालणार नाही. खडेबाजारात प्लास्टिकच्या पत्त्यांचा जोड घ्या आणि हे पोरांना बदाम सात खेळायला द्या.

दीड हजार घालवायचे नसतील तर कार्डशीटवर १२१ घरं आखा, एकाला दोन चिंचोके, दुसऱ्याला दोन कवड्या. खेळ तोच, फक्त टेबल हलवायचं नाही. संचच घ्यायचा असेल तर खोकं उघडल्यावर पहिल्याच दिवशी एक खुंटी तिन्ही पट्ट्यांच्या प्रत्येक भोकात घालून पाहा, खास करून वळणावरच्या. अर्धवट पाडलेलं एखादं भोक निघतं, आणि परत करायची मुदत ७ दिवसांचीच आहे. पाट बदलून मिळतो. पत्रक तसलंच येतं.